‘आज शाळेत काय केलं?’ ‘खेळलो!’ : पोराच्या या उत्तरावर चिडायच्या आधी हे वाचा

संध्याकाळी पोरगं शाळेतून येतं, दप्तर कोपऱ्यात फेकतं आणि पुन्हा बाहेर पळायच्या बेतात असतं. आजी विचारते, “काय रे, आज काय शिकवलं?” उत्तर ठरलेलं. “काय नाय, खेळलो.” मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, “बघा, झेडपीच्या शाळेत नुसता खेळ चाललाय. पुढच्या साली गाडीच्या शाळेत घाला त्याला.”

हे बोलणं आपल्याकडच्या कितीतरी घरांत होतं. जून जवळ आला की पोराचं नाव कुठं घालायचं, हे बऱ्याचदा यावरूनच ठरतं. सात वर्षांच्या लेकराच्या एका शब्दावर एवढा मोठा निर्णय! म्हणून त्या ‘खेळलो’मध्ये काय काय असतं, ते जरा उलगडून बघू. खेळलं म्हणजे शिकलंच, असं मात्र आम्ही म्हणत नाही. कधी कधी ‘खेळलो’ म्हणजे खरंच नुसतं खेळलो असतं. ते घरबसल्या कसं ओळखायचं, तेही शेवटाकडं सांगितलंय.

परिपाठातली वजाबाकी

कुठल्याही वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेतली दुसरीची पोरगी डोळ्यांसमोर आणा. ती घंटेच्या अर्धा तास आधीच शाळेत पोचलेली असते. झाडांना पाणी घालायची पाळी आज तिच्या गटाची आहे, हे कारण घरी सांगायला. खरं कारण म्हणजे मैत्रिणी लवकर भेटतात.

घंटा झाली की परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, एखादी गोष्ट. बऱ्याच शाळांत हे सगळं पोरंच पाळीपाळीनं घेतात. घरी पाहुणे आले की आईच्या पदराआड लपणारी पोर इथं तीस-चाळीस जणांसमोर उभी राहून बातमी सांगते. पहिल्यांदा आवाजच फुटत नाही. दुसऱ्यांदा निम्मी बातमी विसरते आणि शेजारची मैत्रीण हळूच शब्द पुरवते. दिवाळीपर्यंत तीच पोर दुसऱ्यांना शब्द पुरवायला लागते. सभेत उठून बोलायला आपल्यातल्या किती मोठ्या माणसांचे पाय लटपटतात, ते ग्रामसभेला गेलेल्यांना ठाऊक आहे.

मग हजेरी. “पट २३, हजर १९. गैरहजर किती?” लगेच चार नावं पुढं येतात. एकाला ताप आलाय, एक मामाच्या गावाला गेली, एकाच्या घरी जागरण-गोंधळ होता, आणि एक नुसताच आला नाही. पुस्तकातली २३ वजा १९ ही नुसती आकड्यांची उतरंड. इथं त्या ४ ला चेहरे आहेत. उत्तर चुकलं तर कुठलं तोंड मोजायचं राहिलं, ते लगेच कळतं.

सागरगोट्यांत गणित कुठून आलं?

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पोरी सागरगोटे खेळतात. पाच गोटे असतात. एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरच्या चारांतला एक उचलायचा, असं चार वेळा. पुढच्या फेरीत दोन-दोन उचलायचे. त्याच्या पुढच्या फेरीत तीन आणि एक. मग चारही एकदम.

आता हेच फळ्यावर लिहून बघा. १ + १ + १ + १ = ४, २ + २ = ४, ३ + १ = ४. एकच संख्या किती तऱ्हांनी फोडता येते, हा पहिलीच्या गणिताचा कणा आहे. हे हाताला कळलेलं पोर पुढं ८ + ५ करताना बोटं मोजत बसत नाही. पाचातले दोन काढून आठाला देतं, दहा करतं आणि उरलेले तीन मिळवतं. पाठांतरानं असलं येत नाही. शंभर वेळा काहीतरी फोडून-जोडून बघितल्यावर येतं.

अष्टाचंगपेचंही तसंच. पंचवीस घरांचा चौकोन खडूनं फरशीवर काढायचा आणि फासे म्हणून चार कवड्या, नाहीतर फोडलेले चिंचोके. सगळ्या उताण्या पडल्या तर चार, सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ. ‘माझी सोंगटी त्याच्या सोंगटीच्या तीन घरं मागं आहे, मला तीन पडले तर मारता येईल, पण चार पडले तर मी त्याच्या तावडीत सापडेन’ हा हिशेब तिसरीतलं पोर डोक्यातल्या डोक्यात करतं, तेही समोरचा गडी घाई करत असताना. घाईत चूक केली की चार जण बोंब मारतात. मोबाईलवरच्या गणिताच्या खेळात चूक झाली तर लाल फुली येते आणि पुढचा प्रश्न येतो. सोबती भांडतो, पुन्हा मोजायला लावतो, ‘कसं काय?’ विचारतो. आपलं उत्तर बरोबर आहे हे दुसऱ्याला पटवून देणं हे गणितातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते करायला समोर माणूस लागतो.

(जाता जाता. विटीदांडूतले ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ हे शब्द आजोबांना पाठ असतील. त्यांचं नातं तेलुगूतल्या एक, दोन, तीन, चार या आकड्यांशी आहे. आपल्या पोरांनी विटीदांडू खेळता खेळता शेजारच्या मुलखातले आकडे नकळत तोंडपाठ केले होते.)

तेवीस म्हणायचं आणि लिहायचं मात्र आधी दोन

दुसरीतल्या पोराला ‘तेवीस लिही’ म्हटलं आणि त्यानं ३२ लिहिलं, तर त्याला ढ म्हणू नका. आपण बोलताना आधी तीन म्हणतो (ते) आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ३. एकोणतीस तर आणखी फसवं. तोंडात ‘तीस’ आणि कागदावर २९. ‘एकशे पाच’ ऐकून १००५ लिहिणारी पोरं प्रत्येक शाळेत असतात. शंभर लिहिलं, मग पाच लिहिलं, त्यांच्या डोक्यानं ते सरळच आहे.

बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशीही संख्या वाचायची पद्धत दिली, तेव्हा विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष, गणिताच्या अभ्यासक मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. जोडाक्षरांची अवघड संख्यानावं आणि उलटा क्रम यामुळं पोरांना गणिताची भीती बसते, त्यांना एक सोपी वाटही असू द्या. पद्धत पटो न पटो, अडचण खरी आहे, हे शिकवणारा कुठलाही मास्तर सांगेल.

शाळेत यावर उपाय काय करतात? काड्या. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबरानं बांधायचे आणि सुट्ट्या काड्या वेगळ्या ठेवायच्या. मग दुकान-दुकान खेळायचं. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. “तेवीस रुपयांचा साबण द्या.” गिऱ्हाईकानं दोन गठ्ठे आणि तीन सुट्ट्या मोजून द्यायच्या. तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या दिल्या तर दुकानदार खूश, कारण त्याला नऊ जास्त मिळाले! पण बाकीचे बघत असतातच. “ए, फसवलं तुला!” या एका आरोळीनं जो धडा बसतो, तो पाटीवर दहा वेळा २३ गिरवून बसत नाही. घरी आल्यावर ही पोरगी काय सांगणार? “दुकान-दुकान खेळलो.”

एका खोलीत दोन वर्ग : तोटा की फायदा?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चार-पाच इयत्ता आणि शिक्षक दोन. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. एक शिक्षक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा कसल्यातरी सर्वेक्षणाला गेला की सगळीच एका खोलीत. पालकांना यात नुसता गोंधळ दिसतो. गोंधळ असतोच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्यात एक गोष्ट घडते, ती एकेका इयत्तेच्या वेगळ्या वर्गात सहसा घडत नाही. सर तिसरीला भागाकार सांगत असतात आणि दुसरीतली पोरगी स्वतःचं काम करता करता कान तिकडं लावून असते. पुढच्या वर्षी भागाकार तिच्यापुढं येतो तेव्हा तो ओळखीचा असतो. उलट बाजूनं, चौथीतल्या पोराला सर सांगतात, “या दोघांना जरा हातचा समजावून सांग.” त्याला वाटतं आपल्याला येतं. समजावायला बसल्यावर दुसरीतलं पोरगं विचारतं, “पण दादा, हा एक वर का न्यायचा?” तेव्हा दादाची विकेट पडते. तो सरांकडं जातो, पुन्हा विचारतो, आणि या वेळी त्याला खरं समजतं.

शिवाय पोराची भाषा पोरालाच कळते. घरात पावरी, कोरकू किंवा भिली बोलणारं लेकरू पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकी असते. मास्तर बाहेरच्या जिल्ह्यातले असले तर दोघंही एकमेकांकडं बघत बसतात. तिथं दुभाषा कोण? शेजारी बसणारी तिसरीतली ताई. साध्या खेडेगावातही हेच होतं. ‘अधिक म्हणजे आणखी घालायचं’ हे वाक्य दुसरं पोरच बोलतं.

इथं एक सावधगिरी हवी. हुशार पोराला कायमचा छोटा मास्तर करून टाकलं तर त्याचं स्वतःचं शिकणं खुंटतं आणि मागं राहिलेल्यावर कायमचा शिक्का बसतो. चांगले शिक्षक जोड्या बदलत राहतात. गणितात मागं असलेला पोरगा झाडांची नावं सांगण्यात, गुरांचं सांगण्यात किंवा चित्रात पुढं असतो. त्या तासाला तो मास्तर. तुमच्या शाळेत जोड्या बदलतात का, हे विचारण्यासारखं आहे.

कच्चा लिंबू

लंगडी, शिवणापाणी, लगोरी, लपाछपी. खेळ कुठलाही असो, सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं नुसती वादावादी चालते. राज्य कुणावर? हात पालथे-उताणे टाकून ‘सुटायचं’. हद्द कुठपर्यंत? हापश्याच्या पलीकडं गेलं तर आऊट. बारकं पोर खेळायला आलं तर? त्याला ‘कच्चा लिंबू’ करायचं. तो खेळणार, पळणार, पण आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही.

कच्चा लिंबू ही आपल्या पोरांची किती शहाणी सोय आहे बघा. दुबळ्याला बाहेर काढायचं नाही आणि खेळही बिघडू द्यायचा नाही. हे त्यांना कुणी मोठ्यानं शिकवलेलं नसतं. पायानं अधू असलेलं एखादं मूल वर्गात असेल तर पोरं त्याच्यासाठी आपणहून नियम बदलतात. तो बसून धाव मोजतो, किंवा त्याच्या वाटचं दुसरा पळतो. मोठी माणसं मध्ये पडून ‘त्याला नका घेऊ, लागेल त्याला’ म्हणतात, तेव्हाच ते मूल खरं बाहेर पडतं.

भांडणंही होतात. “सर, ह्यानं माझी पेन्सिल घेतली” हे वाक्य दिवसात वीसदा ऐकू येतं. कट्टी होते, दुपारी बट्टी होते. यात मास्तरांनी प्रत्येक वेळी न्यायाधीश व्हायची गरज नसते, आणि संध्याकाळी आईनं दुसऱ्याच्या दारात जाऊन भांडायची तर मुळीच नसते. मात्र एकाच पोराला रोज सगळे मिळून चिडवत असतील, जातीवरून, रंगावरून, बापाच्या दारूवरून, तर ते भांडण नव्हे. ते पोर हळूहळू शाळा बुडवायला लागतं, पोट दुखतंय म्हणायला लागतं. अशा वेळी शिक्षकांशी शांतपणे बोलायलाच हवं. आणि मारणं किंवा पाणउतारा करणं हा शिक्षकांच्या हातातला उपाय नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे.

एका ओळीत बसून खिचडी

शालेय पोषण आहार म्हणजे आपल्या बोलीतली खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं त्याचं प्रमाण आहे. सकाळी कोरा चहा आणि बटर खाऊन आलेल्या पोराचं अकरा वाजता फळ्याकडं लक्ष लागत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. पण पंगतीचा दुसरा उपयोगही आहे. सगळ्या आळ्यांची, सगळ्या समाजांची पोरं एका ओळीत बसून एकाच पातेल्यातलं खातात. गावात आजही प्रत्येक घराच्या ओट्यावर हे होत नाही.

ही कल्पना शहरातून आलेली नाही

‘खेळातून शिक्षण’ म्हटलं की काहींना वाटतं हे इंग्रजी शाळांचं फॅड आहे. उलट, या विचाराची आपल्याकडची मोठी प्रयोगशाळा डहाणू तालुक्यात होती, आदिवासी पाड्यांवर. ताराबाई मोडक यांनी गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम केलं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. शाळेत मुलं येत नाहीत म्हटल्यावर या बायांनी शाळाच मुलांकडं नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं राखायला गेलेल्या पोरांसाठी कुरणातच भरली ती कुरणशाळा. पानं, बिया, शंख-शिंपले, माती हेच साहित्य. गुरं मोजता मोजता आकडे आले. आज देशभर ‘अंगणवाडी’ हा शब्द चालतो, त्याचं मूळ इथं आहे.

कायद्यातही हे लिहून ठेवलंय. मुलानं कृती करून, शोध घेऊन, भीती न बाळगता शिकावं आणि शक्यतो मातृभाषेत शिकावं, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं. म्हणजे मास्तर पोरांना दुकान-दुकान खेळायला लावतात ते कामचुकारपणा म्हणून नव्हे.

पण सोबतीच उरले नाहीत तर?

आत्तापर्यंत जे सांगितलं त्याला एक गोष्ट लागते, सोबती. आणि खेड्यातल्या शाळांत नेमकी तीच कमी होत चाललीय. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या जवळपास १५ हजार शाळा आहेत, असं २०२३ मध्ये समूह शाळांची चर्चा निघाली तेव्हा समोर आलं होतं. आठ पोरांच्या शाळेत दुसरीत एकटीच पोरगी असते. लंगडीला गडी नाहीत, जोडीनं वाचायला जोडीदार नाही, ‘फसवलं तुला’ म्हणून ओरडायला कुणी नाही. शिक्षक कितीही चांगला असला तरी सोबत्याचं काम तो करू शकत नाही.

पट का घटतो? पोरं जन्माला येतात कमी, हे एक. गाड्या गावात येतात, हे दुसरं. पालकांची इंग्रजीची ओढ समजण्यासारखी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. फक्त हिशेब पुरा मांडा. जिल्हा परिषदेच्या शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. गाडीच्या शाळेत काही ठिकाणी खरोखर चांगलं शिकवतात, काही ठिकाणी पोरं न समजलेले धडे घोकतात. दोन्हीकडं पोराचे येण्याजाण्याचे दोन-अडीच तास गाडीत जातात, आणि गावातल्या पोरांशी ओळख रविवारपुरती उरते. वाडीतली चार घरं पोरं बाहेर घालतात तेव्हा मागं राहिलेल्या चार पोरांचेही सोबती जातात. मग तीही घरं गाडी लावतात. शाळा ओस पडते ती अशी, दोन-तीन जूनमध्ये.

मग लहान शाळा बंद करून मोठ्या शाळेत मुलं न्यावीत का? मोठ्या शाळेत सोबती मिळतात, हे खरं. पण प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असा आपल्या राज्याचा नियम आहे, त्यालाही कारण आहे. ओढा ओलांडून तीन किलोमीटर जायचं म्हटलं की पहिल्यांदा पोरीची शाळा सुटते. आमच्या मते मधला मार्ग आहे. शेजारच्या दोन-तीन वाड्यांच्या शाळांनी आठवड्यातला एक दिवस एकत्र भरवावा. शनिवारी तसाही दप्तराचा भार नको, खेळ-गाणी-परिसर भेट घ्या, असं ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमात सांगितलंच आहे. दोन्ही वाड्यांची पोरं एका मैदानावर आली तर खोखोच्या दोन टीम होतात. याला गावानं एक ट्रॅक्टर-ट्रॉली नाही, चांगली जीप आणि एक विश्वासू माणूस दिला तरी पुरे.

ऊसतोडीच्या गावांचं दुखणं आणखी वेगळं. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात. मार्च-एप्रिलमध्ये पोर परत येतं तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो आणि त्याला वाचताना अडखळायची लाज वाटते. जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. आजी-आजोबा गावात असतील किंवा हंगामी वसतिगृहाची सोय झाली असेल तर पोराला इथंच ठेवणं चांगलं. आणि परत आल्यावर त्याला त्याच्या जुन्या जोडीदाराशेजारीच बसवा, असं शिक्षकांना सांगा. काय काय राहिलं ते जोडीदार आठ दिवसांत सांगून टाकतो.

नुसता खेळ की शिकणं? घरी असं बघा

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. शाळेत आनंद आहे, पोरगं हसत जातं, हसत येतं, पण तिसरीत गेलं तरी वाचता येत नाही, अशी पोरं कमी नाहीत. तिथं ‘खेळातून शिकतोय’ म्हणून गप्प बसू नका.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरीच्या शेवटी प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, यासाठी ते आहे. त्यात ठरवलेल्या पायऱ्या पालकांना सहज तपासता येतात. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचं न वाचलेलं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंत अंक यावेत. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत संख्या. तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासकट, आणि ९९९९ पर्यंत संख्या.

वेगाला एवढं महत्त्व का? ‘क... म... ळ... त... ळ्या... त’ असं एकेक अक्षर फोडत वाचणारं पोर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. त्याला अक्षरं येतात, पण वाचता येत नाही. यावर शाळेत जोडीनं वाचन घेतात. एक वाचतो, दुसरा ओळीखाली बोट फिरवतो, अडलं की सांगतो, मग उलट. घरी जोडीदार तुम्ही व्हा. स्वतःला वाचता येत नसलं तरी चालेल. “काय लिहिलंय, मला गोष्ट सांग” एवढं म्हणा. गोष्ट सांगता आली तर समजलंय. सांगता आली नाही तर फक्त आवाज काढलाय.

पाठ झालेल्या धड्यावर परीक्षा घेऊ नका, पोरं चित्र बघून अख्खा धडा म्हणतात. किराण्याच्या पुडीचा कागद, एसटीची पाटी, लग्नपत्रिका, खताची पिशवी, जे समोर येईल ते वाचायला द्या. आठवडी बाजारात सुट्टे पैसे त्याला मोजू द्या. मोबाईल द्यायचाच असेल तर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडून द्या, आणि शेजारचं पोरही सोबत बसवा.

आणि ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न बदला. त्याला उत्तर येत नाही, कारण पोराच्या लेखी शिकवणं आणि खेळणं वेगळं नसतं. “आज कोण जिंकलं? कसं काय? कुणाचं भांडण झालं? तू कुणाला काय सांगितलंस? तुला कुणी काय सांगितलं?” असं विचारलं की अर्धा तास बोलणं थांबत नाही, आणि त्यातच दिवसभराचा अभ्यास तुम्हाला ऐकू येतो. सलग पंधरा दिवस या प्रश्नांना काहीच उत्तर आलं नाही, कुणाचं नावही आलं नाही, तर शाळेत जाऊन या.

जायचं कुणाकडं, तेही सांगतो. प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पुष्कळ गावांत ही समिती सह्यांपुरतीच उरलीय, हे खरं. बैठकीत चार गोष्टी विचारा. तिसरीतल्या किती पोरांना अजून वाचता येत नाही? गोष्टीची पुस्तकं कपाटात आहेत की पोरांच्या हातात? खेळायचं साहित्य कुठं आहे? आणि स्थलांतर करून परत आलेल्या पोरांसाठी काय ठरलंय? बैठकीची तारीख शाळेच्या फलकावर लिहिलेली असते. नसेल तर मुख्याध्यापकांना विचारून घ्या.